टाकीमागचा शेजार

आमच्या गावात पाण्याची उंच टाकी आहे. तिच्या मागे, ओढ्याच्या काठापर्यंत, ग्रामपंचायतीची जागा नुसती पडून होती. टाकी भरली की पाणी सांडायचं, तिथंच मुरायचं आणि बेशरमाची झुडपं माजायची. मी निवृत्त झाले त्याच सुमारास ग्रामसभेत ठरलं, की ज्यांना शेत नाही किंवा ज्यांच्या शेतात पाणी नाही, अशा बायकांनी ती जागा साफ करावी आणि भाजीपाला लावावा. प्रत्येकीला एक तुकडा. जागा पंचायतीची, मेहनत आपली, भाजी आपली. कागदावर त्याला काहीतरी मोठं नाव होतं. गावात सगळे 'तुकडे'च म्हणायचे. रस्त्यात कोणी विचारलं, कुठं चालली, की उत्तर एकच: तुकड्यावर.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. नोकरीची शेवटची बरीच वर्षं या गावात गेली. माझे यजमान एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. दोघंही निवृत्त झाल्यावर आम्ही इथंच घर बांधलं. शेती ना त्यांच्या घरात होती, ना माझ्या. माझं माहेर मोताळ्याकडचं. आईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचला. घरी आली की तिच्या बोटांना बोंडांचे ओरखडे असायचे आणि ती त्यांना गोडेतेल लावत बसायची. त्यामुळे तुकडा मिळाला तेव्हा मला जे वाटलं, ते मी घरी कोणाला धड सांगू शकले नाही. पलंगाच्या चार चादरी अंथराव्यात एवढी ती जागा, तीही पंचायतीची. पण तिथं मी पेरलेलं मीच काढणार होते.

माझ्या शेजारचा तुकडा जिला मिळाला, तिला सगळं गाव वैनी म्हणायचं. जुनं शेतकरी घर तिचं. डोंगराच्या अंगाला कोरडवाहू शेत होतं, पण नवरा वारल्यावर तिनं ते ठोक्यानं दुसऱ्याला कसायला दिलं होतं आणि एकटीच राहत होती. मुलगा संभाजीनगरजवळ वाळूजला कंपनीत होता. तिची आणि माझी तोंडओळख होती. तिचा मुलगा माझ्या वर्गात नव्हता, त्यामुळे ती शाळेत कधी आली नव्हती.

पहिल्याच दिवशी आम्ही दोघी बेशरमाची मुळं काढत होतो. एक मूळ माझ्या बाजूनं सुरू होऊन तिच्या तुकड्यात गेलं होतं. मी इकडून ओढत होते, ती तिकडून. बराच वेळ दोघींनाही कळलं नाही, की मूळ एकच आहे. मग तिनं जोरात हिसका दिला, मूळ तुटलं, आणि आम्ही दोघी आपापल्या चिखलात मागे बसलो. ती माझ्याकडं पाहत राहिली. शाळेतली बाई चिखलात बसलेली तिनं बहुतेक कधी पाहिली नसावी.

"लागलं का बाई?" तिनं विचारलं.

"नाही. तुम्हाला?"

"मले काय लागते. मी तर इथंच बसाले जागा पाहून राह्यलती."

तिथून आमचं सुरू झालं.

सकाळी ऊन चढायच्या आत आणि संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत आम्ही तुकड्यावर असायचो. तिच्याकडं वाल, अंबाडी, गवार, काटेरी वांगी. माझ्याकडं मेथी, पालक, कोथिंबीर आणि दोडक्याचा एक वेल. मधला बांध इतका बुटका होता, की वाकून काम करताना आमची डोकी जवळजवळ टेकायची. बोलणं कसलंही असायचं. कोणाची सून माहेरी गेली, कोणाच्या विहिरीला पाणी आहे, एसटी काऊन लेट झाली, माझ्या यजमानांचे गुडघे, तिच्या छातीतली जळजळ. काही दिवस नुसतं खुरपण्याचा आवाज. तेही चालायचं.

माझी एक गंमत झाली होती. शाळेत मी सगळी वर्षं शुद्ध बोलले. 'मी जाते', 'मला दे', 'कशाला आलास'. तुकड्यावर महिन्याभरात मी 'मी जातो', 'मले दे', 'काऊन आला' म्हणू लागले. माझी आई बोलायची तसं. यजमान म्हणाले, पेन्शन घेऊन तू माघारी चालली. मला ते ऐकून बरंच वाटलं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही बौद्ध. या गावात मी इतकी वर्षं शिकवलं, मला मान मिळाला, दिवाळीला फराळाची ताटं घरी आली. बहुतेक घरांत मी ओट्यावर किंवा बैठकीत चहा प्यायलेली आहे. आत, चुलीपाशी, मला कोणी कधी बोलावलं नव्हतं, आणि मी ते मनावर घ्यायचं सोडून दिलं होतं. एका सकाळी वैनीनं फडक्यातून भाकर आणि वाटीत ठेचा काढला. मी डबा आणला नव्हता. तिनं भाकर मोडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली आणि ठेच्याची वाटी बांधावर दोघींच्या मधे ठेवली. एकाच वाटीत दोघींची बोटं.   दुसऱ्या दिवशी मी कांद्याची पात आणि बेसन नेलं, तेही तसंच खाल्लं. मग ते रोजचं झालं. घरी आल्यावर मात्र त्या पहिल्या दिवशी मी यजमानांना दोनदा सांगितलं, आज वैनीसोबत जेवले. ते म्हणाले, "एकदा सांगितलं ना." ते वर्तमानपत्र वाचत होते. पण त्यांनी पान उलटलं नाही हे मी पाहिलं.

काही वर्षं अशी गेली. मग तिच्या मुलाला मुलगा झाला. सून दवाखान्यात कामाला होती. तिची रजा संपत आली आणि मुलानं आईला बोलावलं. अक्षय्य तृतीयेनंतरचे दिवस होते. तुकड्यावर तेव्हा फारसं काही नसतं. टाकीच कशीबशी भरते, सांडायचा प्रश्न येत नाही. आम्ही दोघी कोरड्या वाफ्यांच्या कडेला बसलो होतो.

"जाऊन येतो," ती म्हणाली. "पोट्टं जरा धरून उभं राह्यलं की येतो. दिवाईपर्यंत."

"तुकडा?"

"पाहजा तुमी. नाई झालं तर राहू द्या."

दुसऱ्या दिवशी मुलगा गाडी घेऊन आला. तिनं घराला कुलूप लावलं आणि चावी माझ्याकडं दिली. गाडीत बसताना ती माझ्याशी काही बोलली नाही. ड्रायव्हरला मात्र सांगत होती, की मला खिडकीपाशी बसू दे, मला उलटी होते. गाडी धाड गावाच्या रस्त्याला लागली.

पावसाळा आला. मी माझा तुकडा पेरला आणि तिचाही पेरला. आपल्याला झेपणार नाही हे माहीत होतं. पण शेजारी तण वाढताना पाहवेना. अंबाडी चांगली आली. गवार आली. वाल मांडवावर चढला. मी ते काढून कधी सरपंचाच्या घरी, कधी अंगणवाडीत द्यायची. त्यातलं आम्ही खाल्लं नाही असं नाही, पण ते शिजवताना मला नेहमी वाटायचं, हे तिचं आहे.

फोन व्हायचे. तिला मोबाईलवर नीट बोलता यायचं नाही. ती फोन कानापासून लांब धरायची आणि मधेच तो नातवाच्या हातात जायचा. मग मला नुसतं त्याचं हुंकारणं ऐकू यायचं. दिवाळीच्या आधी तिनं सांगितलं, सुनेला सुट्टी नाही, संक्रांतीला पाहू. मी म्हटलं, हाव, पाहू. फोन ठेवला आणि तुकड्यावर गेले. बांधावर बसून भाकर खाल्ली. ठेच्याची वाटी मांडीवर घेतली. मधे ठेवून काय करायचं होतं?

हिवाळ्यात सरपंच माझ्या घरी आली. ती माझी विद्यार्थिनी. तिसरीत असताना बोटांवर मोजून बेरीज करायची. आता पदर खोचून पंचायत चालवते. म्हणाली, "बाई, आपल्या तुकड्यांचा नकाशा करून राह्यलो आपण. वरून सांगून राह्यले, की असे भाजीपाल्याचे तुकडे गावोगावी किती हायेत, ते नकाशावर आणा."

"त्यानं काय होते?"

"जुन्या नकाशात ती जागा कोरी हाय. कोरी जागा पाहिली, की कोणाले तिथं गाळे दिसतात, कोणाले सभागृह. एकदा तुकडे नकाशावर आले, की हलवाले कोणी धजत नाई." मग थांबून म्हणाली, "मले तुमची मदत लागते. बाया तुमचं ऐकतात."

मला आनंद झाला. खरंच झाला. ज्या दिवशी मोजणी होती, त्या दिवशी मी लवकर गेले. सगळ्या बायका आपापल्या तुकड्यात उभ्या होत्या. कोणी डोक्यावरून पदर घेतला होता, कोणी वाफे झाडून घेतले होते, जसं काही पाहुणे येणार होते. ग्रामसेवक फोन हातात धरून प्रत्येक तुकड्याच्या कडेकडेनं चालायचे. कोपऱ्यावर थांबायचे, फोनवर बोट लावायचे, पुन्हा चालायचे. त्यांच्या मागून पंचायतीचा शिपाई कोपऱ्यांवर चुना टाकत येई. फोनच्या पडद्यावर रेघ पुढं सरकायची. म्हाताऱ्या बायका मान वाकवून ती रेघ पाहायच्या. एक जण म्हणाली, "अव माय, हे तर आपल्यासंग चालून राह्यलं." सगळ्या हसल्या.

माझा तुकडा झाला. ग्रामसेवकांनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं. मग ते बांध ओलांडून शेजारी गेले. तिथं कोणी उभं नव्हतं. गुडघाभर वांगी होती आणि मांडवावर वाल होता.

"हा कोणाचा, मॅडम?"

मी वैनीचं नाव सांगितलं.

"त्या कुठे आहेत?"

"मुलाकडं गेल्या. येणार आहेत."

सरपंच माझ्याजवळ आली. तिनं आवाज खाली केला. "बाई, वैनी गेल्याले आता किती दिवस झाले. ग्रामसभेचं ठरलं हाय, जी कसत नाई तिचा तुकडा दुसरीले. तिकडं वाट पाहून राह्यल्या बाया."

"कसलेला आहे ना. पाहा की."

"तुमी कसला."

 ग्रामसेवक फोन हातात घेऊन थांबले होते. सरपंच म्हणाली, "मंग तुमचंच नाव लावू का? कोणी काही म्हणणार नाई."

त्या क्षणी मला मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही. पण ते नाव लागलं असतं, तर तिला परत यायला जागा राहिली नसती. मी नाही म्हटलं. सरपंचानं तुकड्याची रेघ आखून घेतली, नाव तेवढं रिकामं ठेवलं. म्हणाली, "तुमीच इचारा त्यायले. घाई नाई. पण इचारा."

हे फोनवर विचारायचं मला जमेना. दोन-तीनदा फोन लावला आणि नातवाचं, थंडीचं बोलून ठेवून दिला. शेवटी एका सकाळी पिशवीत वांगी, वालाच्या शेंगा, मेथीच्या दोन जुड्या भरल्या, जीपनं धाडला गेले आणि तिथून एसटी धरली. यजमान म्हणाले, "भाजी द्यायले संभाजीनगरले चालली?" मी म्हटलं, "हाव."

स्टँडवर तिचा मुलगा घ्यायला आला. मोटारसायकलवर मागं बसून, पिशवी पोटाशी धरून, मी वाळूजला पोचले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दार वैनीनंच उघडलं. नऊवारी पातळ सोडून मी तिला कशात पाहिलं नव्हतं. ती गाऊन घालून उभी होती, फुलाफुलांचा.

"हसू नका," ती म्हणाली. "सुनेनं आणला. पोट्ट्याच्या मागं धावाले बरा पडते."

मी हसले नाही. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण आमच्यात तशी रीत नव्हती. तिनं पिशवी घेतली, भाजी फरशीवर पसरली आणि एकेक शेंग हातात घेऊन पाहू लागली. नातू रांगत आला आणि त्यानं एक वांगं मुठीत धरलं. काटा टोचला तसा रडला. ती त्याला उचलून फुंकर मारत खोलीभर फिरली. ती रोडावली नव्हती. तिच्या अंगावर थोडं बाळसंच होतं. मी वाटेत काय काय मनात आणलं होतं. कोपऱ्यात बसून असेल, डोळे ओढलेले असतील. तसं काही नव्हतं. शेजारच्या दारातून जालन्याकडची एक बाई डोकावली. म्हणाली, "काकू, संध्याकाळच्याला भजनाला येताव ना?" वैनी म्हणाली, "आज पाहुणी हाय माही." ती बाई गेल्यावरही मी त्या दाराकडं पाहत राहिले. इतक्या वयात मला हेवा वाटावा, हे कोणाला सांगायचं.

जेवणं झाली. नातू झोपला. आम्ही दोघी फरशीवर बसून वाल सोलत होतो.

"तुमी भाजी द्यायले एवढ्या लांब नाई आल्या," ती म्हणाली. "काय झालं?"

मी सांगितलं. नकाशा, चुना, फोनवरची रेघ, रिकामं नाव. ती शेंगा सोलत ऐकत होती.

"मंग?" मी म्हटलं. "तुमचंच नाव लावाले सांगतो. मी पाणी देतो ना. मले काय जड आहे."

"नका लावू."

"काऊन?"

"पोट्टं शाळेत जाईस्तोर मी काई येत नाई, बाई. हे तुमालेबी माहीत हाय. नंतर मले कुदळ उचलते का? ज्या बाईले खायाले नाई, तिले द्या. चांगला तुकडा हाय तो."

 तिनं सोललेले दाणे वाटीत लोटले.

"करमते का इथं?" मी विचारलं.

"करमते." तिनं आणखी एक शेंग सोलली. "करमते असं म्हणतो मी. रोज म्हटलं, की थोडं थोडं करमते."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं मी निघाले. ती खाली रस्त्यापर्यंत आली, नातवाला कडेवर घेऊन. रस्त्यावर कंपनीच्या बसगाड्या एकामागून एक जात होत्या आणि आम्हाला मोठ्यानं बोलावं लागत होतं. मुलानं गाडी सुरू केली तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. नुसतं धरून ठेवलं, बराच वेळ. मुलगा म्हणाला, "आई, गाडी सुटंल." मग सोडलं.

गावात आल्यावर मी सरपंचाला सांगितलं. तिनं मान हलवली आणि विषय वाढवला नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे.

तुकडा मेहकरकडून लग्न होऊन आलेल्या एका मुलीला मिळाला. नवरा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, शेती नाही. पहिल्याच दिवशी तिनं वैनीची वांगी उपटली. झाडं म्हातारी झाली होती, उपटायलाच हवी होती, हे मला कळत होतं. तिनं वालाचा मांडव मोडला, काठ्या बांधावर रचल्या आणि सगळ्या तुकड्यात सरळ ओळींनी भेंडी लावली. कानात वायर घालून ती माहेरच्यांशी बोलत काम करायची. मला वाटायचं ती माझ्याशी बोलतेय, मी मान वर करायची, आणि ती दुसऱ्याच कोणाला तरी सांगत असायची, की आज वरण केलं.

मी काही दिवस तुकड्यावर गेलेच नाही. यजमानांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, पाठ दुखते. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही, स्वतःच जाऊन मेथीला पाणी देऊन आले. आले ते पँटला चिखल लावून. म्हणाले, "ती पोरगी इचारत होती, बाई काऊन नाई येत. म्हणे, माह्यावर राग हाय का?"

मग मी गेले. तिनं कानातली वायर काढली. "पाठ बरी हाय का, बाई?" म्हटलं, बरी आहे. तिनं कोवळी भेंडी माझ्या ओच्यात टाकली. वाईट मुलगी नव्हती ती. ती वैनी नव्हती, इतकंच.

नकाशा बुलडाण्याहून छापून आला आणि पंचायतीच्या भिंतीवर लागला. बायकांची ही गर्दी. वरून पाहिल्यावर आमचे तुकडे म्हणजे जुन्या लुगड्यांची वाकळ दिसत होती, लहानमोठी, वाकडीतिकडी ठिगळं. जिला वाचता येत नव्हतं, तीही टाकीपासून बोट सरकवत आपल्या तुकड्यावर येई आणि बोट तिथंच ठेवून उभी राही. मीही माझं नाव वाचलं. आमच्या कुळात जमिनीच्या नकाशावर कोणाचं नाव आलेलं मला माहीत नाही. आई असती तर मी तिला इथं आणलं असतं. मग माझी नजर शेजारी गेली. तिथं त्या मुलीचं नाव होतं, स्वच्छ अक्षरात. तेच योग्य होतं. मी सरपंचाला म्हटलं, चांगलं काम केलं पोरी. आणि घरी आले.

वैशाखात भावकीतल्या लग्नाला वैनी एका दिवसासाठी आली. दुपारी जेवणं उरकल्यावर मंडपातून निसटून माझ्या घरी आली. म्हणाली, चला. मी चावी काढली तर म्हणाली, "घर नाई. तुकड्यावर."

उन्हाचा कडाका होता. ती मुलगी मात्र तिथं होती, भेंडीला बादलीनं पाणी देत. वैनी बांधाच्या अलीकडं थांबली. लग्नातलं पातळ, केसांत अडकलेले अक्षतांचे दोन दाणे.

"येऊ का व माय तुह्या तुकड्यात?"

मुलगी गोंधळली. कोण ते मी सांगितलं. तशी तिनं बादली खाली ठेवली. "या ना आजी. तुमचाच हाय."

"तुहाच हाय. माहा होता."

ती आत गेली, एका ओळीपाशी उकिडवी बसली, मातीचं ढेकूळ बोटांनी फोडलं. मग तिच्या हातांना राहवलं नाही. भेंडीच्या बुडातलं गवत उपटत ती ओळीनं सरकू लागली, जरीचा काठ मातीत लोळत होता. मुलगी म्हणाली, "आजी, राहू द्या." मी तिला खुणेनं गप्प केलं. मीही बांधावर बसले.  टाकीच्या सावलीत चिमण्या बादलीतून सांडलेल्या पाण्यात पंख झटकत होत्या.

जाताना तिला नकाशा पाहायचा होता. पंचायत बंद होती. खिडकीच्या गजांना तोंड लावून आम्ही आत पाहिलं. समोरच्या भिंतीवर तो होता, पण अंधारात.

"कोठी हाय आपलं?" तिनं विचारलं.

"ते, टाकीच्या खाली. डावीकडं."

ती पाहत राहिली. "इतल्या दुरून सारं सारखंच दिसते," म्हणाली. मग मुलाचा फोन आला, जीप निघत होती.

दिवाळीला ती आली नाही. सुनेला या वर्षीही सुट्टी नव्हती. फोनवर मी म्हटलं, काई हरकत नाई. नातू आता बोलतो. त्यानं मला 'बाई' म्हटलं. तिनं शिकवलं असणार.

गेल्या आठवड्यात धाडच्या बाजाराला गेले होते. गर्दीत मागून कोणीतरी म्हणालं, "घ्या ना बाई, ताजी हाय." आवाज वैनीचाच, तसाच थोडा घोगरा, शेवटी ओढलेला. मी चटकन वळले. पोत्यावर वांगी मांडून एक बाई बसली होती. माझ्यापेक्षा लहान, अनोळखी, सिल्लोडकडची असावी. ती माझ्याकडं पाहून थांबली. मीही थांबले. मग मी खाली बसले आणि वांगी निवडू लागले. घरी वांगी होती, तरी घेतली. तिनं दोन जास्तीची टाकली आणि विचारलं, कोणत्या गावच्या तुमी? मी सांगितलं. म्हणाली, "माही एक चुलतबहीण दिली हाय तुमच्या गावात." कोणाच्या घरी ते ती सांगू लागली, आणि मी पिशवी मांडीवर घेऊन ऐकत बसले.